दोन शहरे, दोन स्थानके

(जळगाव येथील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी धुळेकर. धुळ्याच्या माणसाला जळगावात बोलावून रेल्वे स्थानकाच्या इतिहासावर बोलायला सांगणे, हा संयोजकांचा मोठेपणा म्हणायचा की मिस्कीलपणा, हे मला अजून उमगलेले नाही. कारण या विषयात तुम्ही श्रीमंत आणि आम्ही याचक, अशी आपली सव्वाशे वर्षांची वाटणी आहे. तुमच्या फलाटावर उभे राहिले की दिल्ली, कलकत्ता, अहमदाबाद, नागपूर, मुंबई अशा सर्व दिशांच्या गाड्यांची घोषणा ऐकू येते. आमच्या धुळ्याच्या फलाटावरून एकच वाट निघते, ती छप्पन्न किलोमीटरवरच्या चाळीसगावला. तिथून पुढे जग सुरू होते. आमच्या लहानपणी मुंबईला निघालेल्या माणसाला घरचे लोक "चाळीसगावला नीट उतर, ट्रंक सांभाळ" एवढेच बजावत असत. मुंबईची काळजी नंतरची होती, चाळीसगावचा बदल हीच खरी परीक्षा असे.

आज मला या दोन स्थानकांची कथा सांगायची आहे. स्थानक म्हणजे तिकीटघर, फलाट आणि चहाचा ठेला, एवढाच अर्थ आपण धरतो. पण रूळ कुठून गेले आणि कुठून गेले नाहीत, यावर आपल्या खानदेशातील दोन शहरांचे भाग्य ठरले. ते कोणी ठरवले, कशासाठी ठरवले आणि आपल्या माणसांनी पुढे त्याचे काय केले, हे समजून घेण्यासारखे आहे.

रस्ता धुळ्याला, रूळ जळगावला

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने जिल्ह्याचे ठाणे म्हणून धुळे निवडले. निवडीचे कारण सरळ होते. पुण्या-मुंबईकडून उत्तर हिंदुस्थानात जाणारा मोठा रस्ता, ज्याला आपण आग्रा रोड म्हणतो, तो लळिंगच्या किल्ल्याखालून पांझरेकाठच्या धुळ्यात येतो. बैलगाड्यांचे तांडे, लमाणांचे लदेणीचे बैल, टपाल, फौज, सारे या वाटेने जाई. त्या काळाच्या हिशेबाने धुळे हे खानदेशाचे नाक होते.

त्या वेळी जळगाव काय होते? तालुक्याचे नावसुद्धा जळगाव नव्हते, ते नशिराबाद होते. आज जी मंडळी जळगावहून भुसावळला जाताना वाटेत नशिराबाद ओलांडतात, त्यांच्या मनात हे कधी येत नसेल.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला म्हणजे जी.आय.पी. ही ती कंपनी. तिच्या उभारणीत नाना शंकरशेट यांच्यासारख्या द्रष्ट्या पुरुषाचा हात होता, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते योग्यच आहे. पण पुढचा लोहमार्ग कुठून न्यायचा, हे ठरवताना खानदेशच्या माणसाला कोणी विचारले नाही. कंपनीच्या अभियंत्यांनी मार्ग आखला तो असा : थळ घाट चढून इगतपुरी, तिथून नाशिक, मनमाड, मग गिरणेच्या खोऱ्यात उतरून चाळीसगाव, पाचोरा, जळगाव आणि भुसावळ. भुसावळला दोन फाटे फुटायचे. एक खांडव्यावरून जबलपूरकडे, कलकत्त्याच्या मार्गाला मिळायला. दुसरा अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरकडे, वऱ्हाडच्या कापसाच्या पोटात शिरायला.

या आखणीत धुळे कुठेच बसत नव्हते. पांझरेचे खोरे बाजूला राहिले, गिरणेचे सापडले. जिल्ह्याचे ठाणे सोडून रूळ निघून गेले.

एक गमतीची गोष्ट सांगतो. १८६१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत घाटमाथ्यावरचे रूळ खानदेशात पोचले, परंतु मधला कसारा-इगतपुरी हा थळ घाटाचा टप्पा पुरा झाला १ जानेवारी १८६५ रोजी. सदतीस फुटांना एक फूट अशी ती अवघड चढण. म्हणजे काही काळ घाटाच्या वर गाडी, घाटाच्या खाली गाडी आणि मध्ये सारा माल बैलगाडीवर, अशी अवस्था होती. घाट व्हायच्या आधीच वरचे रूळ वापरण्याची एवढी घाई कशाची होती?

कापसाची घाई

ती घाई कापसाची होती. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानकडे डोळे लावून बसल्या. लॉर्ड डलहौसीने १८५३ सालच्या आपल्या टिपणातच लिहून ठेवले होते की, इंग्लंडला हिंदुस्थानचा कापूस हवा आहे आणि त्यासाठी दूरचा मुलूख बंदराशी जोडला पाहिजे. जी.आय.पी. कंपनीच्या भागधारकांना १८४९ च्या करारानुसार पाच टक्के व्याजाची हमी होती. नफा झाला नाही तर तूट भरून काढायची ती हिंदी महसुलातून, म्हणजे तुमच्या-माझ्या पणजोबांच्या शेतसाऱ्यातून. धोका आपला आणि व्याज त्यांचे, असा हा व्यवहार होता. दादाभाई नौरोजींसारख्या अर्थचिंतकांनी पुढे त्यावर नेमके बोट ठेवले.

युद्धाच्या त्या चार वर्षांत जळगाव कापसाची मोठी पेठ बनले. १८६४ साली इथे नगरपालिका आली. पैशाचा पूर आला. आणि १८६५ साली अमेरिकेतील युद्ध संपताच भाव कोसळले. मुंबईत शेअर बाजार बुडाला, पेढ्या बसल्या, आणि त्याच लाटेचा तडाखा जळगावच्या पेठेलाही बसला. हजारो मैलांवर संपलेल्या युद्धाने खानदेशातील व्यापारी रस्त्यावर आला. परक्यांच्या गरजेवर उभी राहिलेली भरभराट किती तकलादू असते, याचा हा आपल्या घरातला धडा आहे.

पण जळगाव खचले नाही, ही खरी नोंदण्यासारखी गोष्ट आहे. व्यापाऱ्यांनी पुन्हा पेठ उभी केली. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले. स्थानकाजवळ मुळजी जेठा घराण्याची खानदेश मिल उभी राहिली. नुसता कापूस गाठी बांधून बाहेर पाठवण्याऐवजी त्याचे सूत आणि कापड इथेच होऊ लागले. पुढे याच घराण्याच्या नावाने १९४५ साली महाविद्यालय निघाले. इथे बसलेल्यांपैकी अर्ध्याहून अधिक लोक त्या एम.जे. कॉलेजचे विद्यार्थी असतील. गिरणी आज उरली नाही, कॉलेज उरले. लोहमार्ग इंग्रजाने कापूस न्यायला बांधला. त्याच लोहमार्गाच्या आधाराने आपल्या लोकांनी गिरणी आणि विद्यालय बांधले.

दुष्काळात आलेले दोन फाटे

खानदेशाच्या रेल्वेचा दुसरा अध्याय १९०० सालच्या आसपासचा. तो काळ आठवला की आजही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी छप्पनच्या दुष्काळाचे नाव येते. विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००. गुरे मेली, माणसे गाव सोडून निघाली. त्याच सुमारास दोन लोहमार्ग पूर्ण झाले. एक सुरतेहून ताप्तीच्या खोऱ्यातून नंदुरबार, अमळनेर, धरणगाव करत जळगावला आलेला ताप्ती व्हॅली मार्ग. दुसरा चाळीसगाव ते धुळे हा फाटा. जिल्ह्याच्या ठाण्याला रूळ मिळायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली, आणि मिळाले तेही आडफाट्याचे.

ताप्ती व्हॅली मार्गाने जळगावचे नशीब दुणावले. आता मुंबईचा मार्ग आणि सुरत-अहमदाबादचा मार्ग इथे एकत्र आले. अमळनेरला प्रताप शेठजींची गिरणी, त्यांचे हायस्कूल, त्यांचे तत्त्वज्ञान मंदिर या साऱ्याला या मार्गाचा आधार होता. साने गुरुजी त्या शाळेत शिक्षक होते, ते अमळनेर हे ताप्ती मार्गावरचेच.

आणि १९०६ साली जे व्हायचे ते झाले. खानदेश जिल्हा मोठा म्हणून त्याचे दोन तुकडे झाले. पश्चिम खानदेशचे ठाणे धुळे, पूर्व खानदेशचे जळगाव. ज्या गावाच्या नावाने तालुकासुद्धा नव्हता, ते जिल्ह्याचे ठाणे झाले. १९०१ च्या शिरगणतीत धुळ्याची वस्ती सुमारे पंचवीस हजार आणि जळगावची सोळा हजार होती. २०११ च्या जनगणनेत जळगाव सुमारे ४ लाख ६० हजार आणि धुळे सुमारे ३ लाख ७५ हजार. या उलटापालटीला अनेक कारणे आहेत, सारे श्रेय रुळांना देणे बरोबर होणार नाही. पण रूळ वगळून हा हिशेब मांडता येणार नाही, हेही तितकेच खरे.

आम्ही धुळेकर मात्र आमच्या आडफाट्यावर प्रेम करत राहिलो. राजमाने, मोरदड तांडा, शिरूड, बोरविहीर ही नावे आम्हाला श्लोकासारखी पाठ आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आयुष्याच्या अखेरीस धुळ्यात राहिले, ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच त्यांनी देह ठेवला, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंदिर तिथे उभे राहिले. शंकरराव देवांनी समर्थ वाङ्मयाची हस्तलिखिते धुळ्यातच जमवली. १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती धुळ्याच्या तुरुंगात, आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. रूळ जिथे संपत होते, तिथे विचार संपला नव्हता.

चाळीसगावचा टांगा

परंतु इतिहास सांगायचा तर नुसता अभिमानाचा भाग सांगून चालणार नाही. याच चाळीसगाव-धुळे मार्गाशी जोडलेली एक घटना अशी आहे की ती आठवताना मान खाली जाते.

१९२९ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर धुळे भागात आले होते. एका गावात बहिष्काराचे प्रकरण होते, त्याची माहिती त्यांनी घेतली. परतताना, २३ ऑक्टोबरला, ते धुळ्याहून गाडीने चाळीसगावला आले. तिथल्या बांधवांनी एक रात्र राहण्याचा आग्रह केला होता. स्थानकावर स्वागत झाले, पण वस्तीत न्यायला वाहन येईना. तासभर बाबासाहेब फलाटावर थांबले. कारण स्थानकाबाहेरचा एकही टांगेवाला त्यांना बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. अखेर तोड निघाली ती अशी की, टांगा मिळाला, टांगेवाला मिळाला नाही. वस्तीतल्याच एका माणसाने लगाम हातात घेतला. त्याला सवय नव्हती. नदीवरच्या पुलावर चाक अडकले, टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. स्वतः बाबासाहेबांनीच आपल्या आठवणींत हे लिहून ठेवले आहे.

मित्रहो, थोडे थांबून या घटनेकडे पाहू या. रेल्वेच्या डब्यात ज्याच्याकडे तिकीट त्याला जागा. तिथे परक्या कंपनीचा नियम होता. स्थानकाच्या दाराबाहेर मात्र आपला नियम सुरू होत होता, आणि तो नियम एका बॅरिस्टरला, देशातील एका श्रेष्ठ विद्वानाला टांग्यात बसवायला नकार देत होता. स्थानकापर्यंतचे अंतर इंग्रजाच्या इंजिनाने कापले. स्थानकापासून वस्तीपर्यंतचे अंतर आपल्यालाच कापायचे होते, आणि तिथे आपण कमी पडलो. हिंदू समाज एक आहे, असे म्हणण्याचा अधिकार ज्यांना हवा आहे, त्यांनी चाळीसगावच्या त्या फलाटावरचा एक तास विसरता कामा नये. आजही आपल्या गावात असे एखादे स्थानकापासून वस्तीपर्यंतचे अंतर शिल्लक आहे का, हे ज्याचे त्याने घरी जाऊन पाहावे.

भादलीचा रूळ

दुसरी आठवण तुमच्या अगदी शेजारची. जळगाव आणि भुसावळ यांच्या मध्ये भादली नावाचे लहानसे स्थानक आहे. जलद गाड्या तिथे थांबत नाहीत. खिडकीतून पाटी दिसते न दिसते तोच मागे पडते. ५ मे १९१८ रोजी त्या स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून एका तरुणाचा अंत झाला. वय वर्षे सत्तावीस. धरणगावला जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी. हिरव्या कुरणांचा आणि निर्झरांचा हा कवी खानदेशच्या उन्हाळ्यात लोखंडी रुळांवर गेला.

दररोज हजारो माणसे भादलीवरून जातात. त्यांतल्या किती जणांना हे ठाऊक असते? शाळेत कविता पाठ करून घेतलेल्या मुलांना आपण कधी ते स्थानक दाखवले आहे का? मी हे कोणाला दोष देण्यासाठी म्हणत नाही. धुळ्यात आमचीही तीच कथा आहे. वास्तू आपल्या डोळ्यांसमोर असते, तिची आठवण मात्र नसते.

पाटी बदलते आहे

हे सारे आज सांगण्याचे कारण असे की, खानदेशच्या रेल्वेचा तिसरा अध्याय आपल्या डोळ्यांदेखत लिहिला जात आहे. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी धुळ्यात धुळे-नरडाणा मार्गाची पायाभरणी केली आणि जळगाव-उधना मार्गाचे दुहेरीकरण व विद्युतीकरण राष्ट्राला अर्पण केले. २०२१ साली धुळे-चाळीसगाव मार्गावर विजेवर चालणारी मेमू आली. २०२३ साली धुळ्याहून थेट मुंबईची गाडी निघाली, आणि चाळीसगावला ट्रंक सांभाळण्याची आमची कसोटी बरीचशी संपली. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला मंजुरी दिली. खर्च १८ हजार ३६ कोटी रुपये, नवी स्थानके तीस. हा मार्ग मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा असा, म्हणजे जवळजवळ जुन्या आग्रा रोडच्या सोबतीने जाणार आहे. ज्या वाटेने बैलगाड्यांचे तांडे गेले, त्या वाटेवर रूळ येण्यासाठी धुळ्याच्या कितीतरी पिढ्यांनी निवेदने दिली, आंदोलने केली, म्हातारे झाले आणि गेले. तो दिवस उजाडेल तेव्हा धुळे हे शेवटचे स्थानक राहणार नाही.

तुमच्याकडेही पाहा. ऑगस्ट २०२४ मध्ये जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी मिळाली. जळगाव स्थानकावर उतरून अजिंठ्याला रस्त्याने जाणाऱ्या प्रवाशाला पुढे रुळांची सोबत मिळेल आणि खानदेश मराठवाड्याशी थेट जोडला जाईल. २२ मे २०२५ रोजी देशभरातील १०३ पुनर्विकसित स्थानकांचे लोकार्पण झाले, त्यांत आपली दोन होती : धुळे आणि सावदा. सावदा म्हणजे केळीच्या वाघिणी भरून दिल्लीला धाडणारे स्थानक, आणि १९३६ साली जिथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन झाले, त्या फैजपूरला जवळचे असे स्थानक.

हे सर्व आनंदाचे आहे. पण जुनी इमारत पाडली जाते तेव्हा तिच्याबरोबर किती गोष्टी जातात, याचाही विचार व्हावा. पाचोरा-जामनेरची अरुंद मार्गावरची चिमुकली गाडी २०२० साली थांबली. तिच्या पहूर स्थानकावर उतरून एके काळी देशोदेशीचे प्रवासी अजिंठ्याला जात. शंभर वर्षे धावलेल्या त्या गाडीच्या किती चालकांच्या, गार्डांच्या, भाजीच्या टोपल्या घेऊन बसणाऱ्या बायांच्या आठवणी आपण लिहून घेतल्या? रुंद मार्ग हवाच, त्याबद्दल दुमत नाही. परंतु जुन्याची नोंद ठेवणे हे सरकारचे काम नाही, ते आपले आहे.

आपण काय करावे

मी तीन साध्या गोष्टी सुचवतो. पहिली, आपल्या गावच्या स्थानकावर काम केलेल्या निवृत्त माणसांना गाठा. स्थानकमास्तर, सांधेवाले, हमाल, टांगेवाले यांच्या आठवणी त्यांच्याच अहिराणीत, त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवा. राजवाड्यांनी दप्तरे जमवण्यासाठी गावोगाव पायपीट केली, आपल्याला निदान शेजारच्या गल्लीत जायला काय हरकत आहे? दुसरी, शाळांच्या सहलींत भादली आणि चाळीसगाव यांचा समावेश करा. एका ठिकाणी कवीविषयी सांगा, दुसऱ्या ठिकाणी त्या टांग्याविषयी सांगा. मुलांना दोन्ही कळले पाहिजे. तिसरी, नव्या स्थानकांच्या भिंतींवर चित्रे रंगवली जात आहेत. त्या भिंतींवर आपल्या गावाची खरी माहिती, खऱ्या सनांसह यावी, यासाठी रेल्वेकडे लेखी आग्रह धरा. आपण दिली नाही तर ती माहिती कोणी तरी दूरवरच्या कार्यालयात बसून लिहील. दीडशे वर्षांपूर्वी आपला लोहमार्ग असाच दूरवरून आखला गेला होता.

आमच्याकडे खेड्यातली माणसे अजून "टेसन" म्हणतात. आजी म्हणायची, "टेसनवर गेलं की माणूस कुणाची तरी वाट पाहतो." धुळ्याने फार वाट पाहिली. आता गाडी पुढे जाईल अशी चिन्हे आहेत. ती सुटण्यापूर्वी आपण फलाटावर काय काय विसरत आहोत, तेवढे एकदा वळून पाहू या.

 मनमाड-इंदूर मार्गाची पहिली गाडी धुळ्यात येईल, त्या दिवशी आपण सर्वांनी जळगावहून आमच्याकडे यावे, हे आजच निमंत्रण देऊन ठेवतो.